एकाच वळणाचे ॲक्सिडेंट चार वह्यांत वाटून गेलेत, सगळे एका नकाशावर आणायचं बघालोय, मदत पाहिजे

मोजणीवाला
रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इथं वाचत असतोय बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतोय आणि जरा लांबणार आहे.

मी जमीन मोजणीचं खाजगी काम करतो, संकेश्वर-गडहिंग्लज पट्ट्यात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, एक केस अजून कोर्टात आहे. तर आमच्या गावाबाहेर उतारावर एक वळण आहे. आतल्या अंगाला ऊस, बाहेरच्या अंगाला मोरी, मोरीचा कठडा एका बाजूनं पडलेला. वळणाच्या अलीकडं कर्नाटक आणि पुढं दीडशे मीटरवर महाराष्ट्राची हद्द लागते. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझा मावसभाऊ तिथं गेला. संध्याकाळी सातच्या सुमाराला ड्युटीवरनं येत होता, वळणावर डबल ट्रॉली पंक्चर होऊन उभी, मागं लाईट नाही, रेडियम नाही, काही नाही. डोक्यात हेल्मेट होतं तरी वाचला नाही. वय २६.

दहाव्याला नदीवर बसलो होतो तर जो तो आपापलं सांगायला लागला. याच वळणावर माझ्या सासऱ्याचा पाय मोडला, इथंच दुधाची गाडी मोरीत गेली, इथंच आमच्या पोरीला जीपनं उडवलं. मला डायरी जवळ ठेवायची सवय, मी लिहीत गेलो. घरी येऊन मोजलं तर सात वर्षांत अकरा. मग दोन्ही बाजूच्या ठाण्यात चौकशी केली. अकरातले तीन इकडच्या ठाण्यात, दोन तिकडच्या, आणि सहा कुठंच नाहीत कारण जागेवर मिटवले किंवा जखमीला परस्पर दवाखान्यात नेलं. जे पाच आहेत त्यात जागा काय लिहिलीय तर 'अमुक गावच्या हद्दीत रस्त्यावर'. एकात आमच्या गावाचं नाव, एकात शेजारच्या गावाचं, एकात कन्नड उच्चारानं लिहिलंय ते तर मला पटकन ओळखलंच नाही. जखमी कोण गडहिंग्लजला, कोण बेळगावला, कोण कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात. म्हणजे एकच वळण चार-पाच वह्यांत वाटून गेलंय, कुठलीही एक वही उघडली की तिथं दोन नाहीतर तीनच दिसतात, आणि दोन-तीन बघून कोण कशाला उठून रस्ता बघायला येईल.

हे सगळं एका नकाशावर आणायचंय. आमच्या वळणापुरतं नाही, निपाणीपासून खानापूरपर्यंत जिथं जिथं असं आहे ते. मोजणी मला येते, पण डेटा कसा जोडायचा आणि नेऊन कुणाला द्यायचा हे समजत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा.


टिळकवाडीकर
रविवार, रात्री १०:३५

वाचून पोटात कालवलं दादा. मी मूळ बेळगावचा, आता पुण्यात नकाशाच्याच सॉफ्टवेअरवर काम करतो, लागेल ती मदत करतो.

सरकारी बाजूनं असं आहे बघा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची आयरॅड म्हणून एक सिस्टिम आहे, आयआयटी मद्रासनं बनवलेली, एनआयसी म्हणजे केंद्राचं कॉम्प्युटरचं खातं ती चालवतं, आता तिला ई-डार म्हणजे अपघाताचा सविस्तर ऑनलाईन अहवाल जोडलाय. पहिल्या सहा राज्यांत सुरू केली त्यात कर्नाटक पण होतं आणि महाराष्ट्र पण. पोलीस जागेवर जाऊन मोबाईल ॲपमधे नोंद करतात, जीपीएसची जागा तिथंच पडते, फोटो जोडतात, मग त्याच नोंदीत आरटीओवाले गाडीचं भरतात, रस्त्याचं खातं रस्त्याचं भरतं, दवाखाना जखमीचं. म्हणजे तुमच्या वळणाचे अलीकडचे जे पोलिसात गेले ते दोन्ही राज्यांचे असले तरी एकाच सिस्टिमच्या पोटात आहेत. पण बघणारा आपापल्या हद्दीपुरतं बघतो. आणि तुमचे ते सहा, जे मिटवले, ते तिथं येणार कुठून? म्हणून गावाकडून जी यादी तयार होतीय तिला किंमत आहे, ती टाकू नका.

सुरुवातीला साधी एक्सेल करा. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, कुठून कुठं चालला होता, कुठल्या गाड्या, काय झालं, माहिती कुणाकडून. माणसांची नावं अजिबात घालू नका.


रात्रपाळी
रविवार, रात्री ११:२०

मी सिस्टर आहे, कॅज्युअल्टीला रात्रपाळी असते. दवाखान्याचं नाव सांगत नाही.

आमच्या वहीत आरटीए म्हणजे रस्त्यावरचा अपघात म्हणून नोंद होते, एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद होते, बीपी किती, हात कुठं मोडला, सगळं असतं. जागेच्या रकान्यात मात्र काय असतं सांगू का, 'निपाणीजवळ'. 'संकेश्वर रोड'. 'शेतातून येताना'. एकदा तर नुसतं 'गाडीवरून पडून'. आम्ही तरी काय करणार, पेशंट शुद्धीवर नसतो, बरोबर आलेला माणूस घाबरलेला असतो आणि आपल्याला पहिलं रक्त थांबवायचं असतं. पण अर्ध्या तासानं तोच माणूस बाहेर बाकड्यावर बसलेला असतो आणि त्याला सगळं माहीत असतं. कुठली मोरी, कुठलं झाड, ट्रॅक्टर कुठल्या बाजूला होता. तेव्हा कुणी विचारत नाही.

आणि जे पोलिसात जात नाहीत ते सगळे आमच्याकडं येतात हो. टू-व्हीलर घसरली, कुत्रं आडवं आलं, खड्ड्यात पुढचं चाक गेलं. यातलं कितीतरी कुठल्याच यादीत नाही.


ऊसवाला
सोमवार, सकाळी ६:१५

मोजणीवाले, तुमच्या भावाचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या घरात दोन ट्रॅक्टर हाईत, चिकोडी भागात, सीझनला कारखान्याला ऊस वाहतोय. ट्रॉलीवाल्याला शिव्या सगळी देत्यात, ती खाल्लीच पाहिजेत, पण आतलं काय होतंय ती पण सांगतो, तुमच्या नकाशाला उपयोगी पडंल.

मागच्या ट्रॉलीची लाईट दोन खेपात जातीय. वायर मोकळी लोंबत असतीय, उसात ट्रॉली घातली की ओढली जातीय. रेडियम सीझनच्या सुरवातीला कारखान्यावर, आरटीओवाले पोलीस येऊन लावून जात्यात, फोटो निघतो, पण पावसाळी फडात एकदा गाडी गेली की त्याच्यावर चिखलाचा थर बसतोय आणि उसाचं वाडं ट्रॉलीच्या मागं लोंबतंय ती त्याच्यावरच येतंय. सकाळी पुसलं तर दिसंल, कोण पुसतंय. मी आता ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, काट्यावर नंबर लागला की पहिलं फडकं मारायचं.

दुसरी गोष्ट दगडाची. पंक्चर झालं की चाकामागं मोठा दगड लावत्यात, मागं दहा पावलावर झाडाची फांदी टाकत्यात. चाक बदललं की गाडी निघून जातीय आणि दगूड तिथंच. रात्री मोटरसायकलवाला त्याच्यावर जातोय. तो ॲक्सिडेंट लिहिताना 'स्वतःहून घसरून पडला' असा लिहित्यात. दगूड कुणीच लिहीत नाही.


टिळकवाडीकर
सोमवार, सकाळी ९:०५

ऊसवाले दादा, हे जे लिहिलंत ते कुठल्याच फॉर्ममधे सापडलं नसतं. आपल्या एक्सेलमधे 'रस्त्यावर काय होतं' असा एक रकाना वाढवला, त्यात दगड, फांदी, उभी गाडी, सांडलेला ऊस, मळीचा ओघळ.


गिट्टी_डांबर
सोमवार, दुपारी १:४०

मी रस्त्यांच्या खात्यातून निवृत्त झालो, चौतीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी याच भागात. थोडं स्पष्ट बोलतो.

ब्लॅक स्पॉट हा शब्द पेपरात कुठंही वापरतात. मंत्रालयाची व्याख्या राष्ट्रीय महामार्गासाठी आहे: साधारण ५०० मीटरचा पट्टा, त्यात तीन वर्षांत ५ गंभीर अपघात, म्हणजे मृत्यू किंवा मोठी दुखापत झालेले, किंवा तीन वर्षांत १० मृत्यू. पुणे-बंगळूर रस्त्यावर, कोगनोळीपासून तवंदी घाट, वंटमुरीचा उतार, तिथं हे निकष लावून काम होतं, निधी येतो. तुमचं वळण जिल्हा रस्त्यावर. तिथं तुम्हाला निधी आणि लक्ष दोन्ही मागून घ्यावं लागतं. ते मागायची जागा म्हणजे जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. इकडं कर्नाटकात डीसी साहेबांच्या म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली, तिकडं महाराष्ट्रात कलेक्टरांच्या. पोलीस, आरटीओ, बांधकाम, आरोग्य सगळे एका टेबलावर बसतात. दोन्ही समित्यांना एकच कागद, एकाच दिवशी, एकमेकांची प्रत जोडून द्या. नाहीतर हे म्हणणार ते त्यांचं, ते म्हणणार हे यांचं.

दुसरं असं की नुसती टिंबं घेऊन जाऊ नका. टिंबावरून इंजिनिअरला जागा समजते, कारण समजत नाही. कोणती गाडी कोणत्या दिशेनं येत होती, समोरासमोर धडकली की मागून आदळली की रस्ता सोडून मोरीत गेली, उजेड होता की अंधार, ओलं होतं की कोरडं, याचं बाणांचं चित्र काढतात. अकरा अपघातांचे अकरा बाण एका कागदावर काढा. ते सगळे एकाच प्रकारचे निघाले तर उपाय एक, वेगवेगळे निघाले तर उपाय वेगळा. मागून आदळणाऱ्यांसाठी कठडा बांधून काही होत नाही.

आणि कृपा करून लगेच स्पीडब्रेकर मागू नका. मयतीच्या दुसऱ्या दिवशी गावकरी रस्ता अडवतात, संध्याकाळपर्यंत कुणीतरी डांबराचा ढीग घालून जातं, रंग नाही, बोर्ड नाही. आयआरसीच्या, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं ताशी २५ च्या वेगासाठी ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच पाहिजे, आपल्याकडं फूटभर रुंद आणि वीतभर उंच असतात. माझ्या नोकरीत मी असे ब्रेकर काढायला गेलोय आणि दगड खाल्लेत. पण त्या ब्रेकरवर गाडीच्या मागं बसलेल्या बायका पडून डोक्याला लागून गेलेल्याही पाहिल्यात. त्याचं वाईट वाटत राहतं.


चंदगडी
सोमवार, संध्याकाळी ७:५५

आम्ही शिनोळीच्या पलीकडचे, रोज बेळगावला येणं-जाणं. वेंगुर्ला रोडवर बाची, तुरमुरी, उचगाव फाटा, सुळगा, हिंडलगा हा सगळा पट्टा पाठ आहे.

सीमेवर एक वेगळंच होतं ते नकाशात घ्या. मोबाईल कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एक जण पडला होता, मी फोन लावला तर शेजारच्या राज्याच्या कंट्रोलरूमला लागला. ते विचारतात कुठला तालुका, कुठला जिल्हा, मी सांगतोय ते त्यांच्या यादीतच नाही. शेवटी वडापच्या जीपमधे घालून नेला. वाचला बिचारा, पण वीस मिनिटं नुसती गाव समजावण्यात गेली. किलोमीटरच्या दगडाचा नंबर सांगितला असता तर झालं असतं असं नंतर सुचलं, पण आमच्याकडच्या दगडांवरचे आकडे रंगाखाली गेलेत.

मदत करणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही हे पण लोकांना सांगितलं पाहिजे. सुप्रीम कोर्टानं २०१६ मधे मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलंय, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. तरी लोक व्हिडिओ काढतात आणि उचलत नाहीत, पोलीस मागं लागतील म्हणून.


रात्रपाळी
सोमवार, रात्री ११:४०

चंदगडी यांनी लिहिलंय त्याला जोडून. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना लागू झालीय, ॲक्सिडेंटच्या पेशंटला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार नेमलेल्या दवाखान्यात फुकट. आता त्यासाठी तरी ॲक्सिडेंटची नोंद व्हायला लागेल, मिटवामिटवी कमी होईल अशी मला आशा आहे. नातेवाईकांना मी आवर्जून सांगते.

आणि काल मी एक केलं. बाकड्यावर बसलेल्या माणसाला चहा दिला आणि मोबाईलवर नकाशा उघडून त्याच्या हातात दिला, म्हटलं दादा बोट ठेवा कुठं झालं. त्यानं मोठं मोठं करत नेमकी शाळेची कंपाऊंड भिंत दाखवली. वेळ लागला दीड मिनिट. सरांची परवानगी काढते आणि नाव-गाव सोडून फक्त जागा, वेळ आणि गाडी एवढंच वेगळ्या वहीत लिहिते.


मोजणीवाला
बुधवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे उपकार. गिट्टी_डांबर काका, तुम्ही सांगितलं तसं केलं.

काल संध्याकाळी वळणावर गेलो, मी, धाकटा भाऊ आणि शेजारचा एक पोरगा. भाऊ टॉर्च घेऊन वरच्या बाजूला गाड्या सावकाश करत उभा राहिला. साइडपट्टीवर बसून बघितलं तर तिथं काय काय आहे, इंडिकेटरच्या पिवळ्या काचा, लाल प्लास्टिकचे तुकडे, एका चपलेचा अंगठा, गवतात गेलेला नंबरप्लेटचा तुकडा, आणि तो दगड. ऊसवाले म्हणतात तसला. त्याला काळं रबर घासलेलं. आम्ही तिघांनी मिळून ढकलून चरीत टाकला, एकट्याला हलत नव्हता.

मग मोजलं. ड्रायव्हरच्या डोळ्याची उंची १.२ मीटर धरतात, तेवढ्या उंचीवर काठी धरून मी सेंटरलाईनच्या डाव्या बाजूनं मागं मागं गेलो आणि पोराला ट्रॉलीच्या जागी लाल फडकं धरून उभा केला. ३४ मीटरच्या पलीकडं गेलो की फडकं उसाआड. आयआरसीचं टेबल काढून बघितलं, ताशी ६० च्या वेगाला थांबायला ८० मीटर पुढचं दिसायला पाहिजे, ४० च्या वेगाला पण ४५ लागतात. म्हणजे माझा भाऊ चाळीसनं आला असता तरी त्याला ती ट्रॉली वेळेत दिसली नसती. हे मोजून झाल्यावर मी थोडा वेळ तिथंच मोरीवर बसलो. वर्षभर घरात सगळे म्हणत होते, फास्ट चालवत असणार.

बाण काढले. अकरातले सात उतारानं गावाकडं येणारे, आणि त्या सातातले पाच अंधार पडल्यावर.


ऊसवाला
गुरुवार, सकाळी ६:००

दगूड टाकलासा ती बरं केलासा.


टिळकवाडीकर
गुरुवार, रात्री ९:३०

आतापर्यंत मला धाग्यातून आणि मेसेजमधून बरीच टिंबं आलीत. जोडताना ज्या अडचणी आल्या त्या सांगतो म्हणजे पुढच्यांनी पाठवताना काळजी घेता येईल.

गावाच्या नावानं जागा शोधायला गेलं की घोटाळा होतो. बेळगावच्या बाजूला दोन सुळगा आहेत, एक हिंडलग्याजवळचा वेंगुर्ला रोडवरचा आणि एक येळ्ळूरजवळचा. हलगा पण दोन, एक बेळगावच्या पूर्वेला महामार्गावर आणि एक खानापूर तालुक्यात. पेपरातलं कात्रण 'सुळगा येथे' एवढंच म्हणतं. मला एक टिंब चक्क भातशेताच्या मधोमध पडलेलं मिळालं, कारण गावाच्या नावाला ॲपनं गावाच्या मधला बिंदू दिला. म्हणून नाव नको, जागा पाठवा. तीही पूर्ण आकड्यासकट. दशांशानंतर चार आकडे असतील तर साधारण ११ मीटरचा फरक, तीनच असतील तर शंभर मीटरच्या वर, म्हणजे टिंब वळणाच्या दुसऱ्या बाजूला किंवा दुसऱ्या राज्यातच गेलं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की फोटोतली जागेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर लोकेशन वेगळं पाठवा. आणि जीपीएसला टॉवर लागत नाही, रेंज नसली तरी जागा मिळते, फक्त मोकळ्या आभाळाखाली थोडा वेळ थांबा.

मग दुबार नोंदी. एकच ॲक्सिडेंट पेपरात आला, गावकऱ्यांनी सांगितला आणि सिस्टरच्या वहीतूनही आला, तो तीनदा मोजला तर आपणच खोटे पडू. तारीख, दोन-तीन तासांचा फरक, गाडीचा प्रकार आणि २०० मीटरच्या आतली जागा हे जुळलं तर एकच धरतो, शंका असली तर हातानं बघतो. पेपरातली तारीख बहुतेक दुसऱ्या दिवसाची असते हे पण लक्षात ठेवायला लागतं.

आणखी एक, हा माझ्या धंद्यातला आवडता खेळ आहे म्हणून मुद्दाम सांगतो. हीटमॅप केला की लाल-पिवळे ढग दिसतात, लोक खूश होतात. पण जिथं गाड्या जास्त तिथं लाल होणारच, बेळगावातल्या चन्नम्मा सर्कलला लाल दिसलं म्हणून तो रस्ता वाईट असं नाही. आणि जिथून आपल्याला माहिती देणारा माणूस आहे तिथंच टिंबं पडतात. अथणी, रायबागकडून मला जवळजवळ काहीच आलं नाही, त्याचा अर्थ तिथं रस्ते चांगले आहेत असा नाही. तिकडचं कुणी वाचत असेल तर लिहा.

पोलीस आणि दवाखाना जोडणं हे काही आपण काढलेलं नाही. स्वीडनमधे स्ट्राडा म्हणून आहे, पोलिसांची नोंद आणि दवाखान्याची नोंद एकाच ठिकाणी येते. ब्रिटनमधे पोलिसांकडचा एकेक अपघात १९७९ पासूनचा कुणालाही उतरवून घेता येतो. आपल्याकडं वर्षाचा अहवाल निघतो, २०२२ मधे देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यातली ४४ टक्क्यांच्या वर टू-व्हीलरवरची, आणि दिवसातला सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळी ६ ते ९. मोजणीवाले, तुमचे ते पाच बाण त्याच वेळेतले आहेत. पण अहवालात ते वळण नाही ना दिसत.


घाटवाट
शुक्रवार, पहाटे ४:५०

गोव्याला माल घेऊन जातो, कधी चोर्ला कधी अनमोड. आता कणकुंबीत चहाला थांबलोय म्हणून लिहितो.

झालेले ॲक्सिडेंटच का मोजताय? होता होता वाचलेले मोजा. पावसात जांबोटीच्या पुढं धुक्यात रोज एकाच दोन जागी मला कचकन ब्रेक मारायला लागतोय, माझ्यासारख्या सगळ्यांनाच. कुणी मेलं नाही म्हणून ती जागा कुठंच नाही. पण रस्त्यावर टायरचे काळे पट्टे आहेत, झाडाला रंग लागलाय, आरशाच्या काचा पडल्यात. मेल्यावर टिंब देण्यापेक्षा आधी देऊया की.


टिळकवाडीकर
शुक्रवार, सकाळी ८:४०

एकदम बरोबर. नागपुरात २०२१ पासून हेच केलंय, महापालिकेच्या बसमधे कॅमेरे आणि ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रं बसवली आणि जिथं ती पुन्हा पुन्हा वाजतात त्या जागा नकाशावर घेतल्या, त्यांना ग्रे स्पॉट म्हणतात. आपल्याकडं बस नाही कॅमेरा नाही, पण तुमच्यासारखे दहा ड्रायव्हर असले तर काम होतं. राखाडी रंगाची वेगळी टिंबं करतो. गाडी चालवताना मात्र काही टाकू नका, चहाला थांबल्यावरच.


हायवेकाठची
शुक्रवार, दुपारी ३:१५

आमचं गाव महामार्गानं दोन तुकडे केलेलं. शाळा एकीकडं, घरं एकीकडं. अंडरपास आहे पण तो लांब, पोरांना जाऊन परत यायचं म्हणजे पाऊण तास, आणि पावसाळ्यात त्यात पाणी. म्हणून कुणीतरी दुभाजकाची जाळी कापली आणि तिथनं सगळी जातात. म्हातारी माणसं, दूध घेऊन जाणाऱ्या बायका, माझा मुलगा पण. जाळी परत लावतात, परत कापली जाते. तिथं गेल्या वर्षी एक आजी गेल्या. पोलिसांनी 'रस्ता ओलांडताना निष्काळजीपणा' लिहिलं.

त्या आजी निष्काळजी नव्हत्या हो. त्यांना अर्धा किलोमीटर चालवत नव्हतं.

नकाशावर जाळी कापलेल्या जागा पण घ्याल का? मी आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या चालत जाऊन टाकते.


गिट्टी_डांबर
शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

जरूर टाका ताई, याला फार किंमत आहे. लोक जिथून चालतात तीच रस्त्याची खरी गरज, आम्ही कागदावर अंडरपास सोयीच्या ठिकाणी दाखवायचो, मोरी होती तिथं. तुमच्या टिंबांबरोबर प्रत्येक जागेपासून अंडरपास किती मीटर आणि किती मिनिटं हे लिहा. महामार्गाच्या तक्रारीला १०३३ नंबर आहे, फोन केल्यावर तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. आणि २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९८-अ वाचून घ्या, रस्त्याचं डिझाईन, बांधणी, देखभाल मानकाप्रमाणं केली नाही आणि त्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदार आणि यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड आहे. रक्कम छोटी आहे, पण अर्जात त्या कलमाचा उल्लेख असला की फाईल वाचली जाते, एवढं अनुभवानं सांगतो.

माहिती अधिकारात मागणार असाल तर दोन्ही राज्यांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा बसवावा लागतो, फी १० रुपये. लांबलचक लिहून नाकारून घेऊ नका.


मोजणीवाला
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:००

उशीर झाला, सुगीची कामं होती. काय काय झालं ते सांगतो.

अर्ज दोन केले. इकडचा कन्नडमधे, तो गावातल्याच मास्तरांनी लिहून दिला, त्यांची आई पण त्या वळणावर पडली होती. तिकडचा मराठीत. दोन्हीला एकच नकाशा, एकच बाणांचं चित्र, ३४ मीटरचं मोजमाप, फोटो. एका ऑफिसात साहेबांनी ठेवून जा म्हटलं. दुसऱ्या ऑफिसातल्या एका तरुण इंजिनिअरनं मात्र नकाशा टेबलावर पसरला आणि पहिला प्रश्न विचारला, हे महिन्याप्रमाणं लावलंय का? लावलं नव्हतं. त्याच्यासमोरच लावलं. तर सप्टेंबर ते डिसेंबरमधले बहुतेक समोरासमोरचे, कारण ऊस उभा असतो आणि पलीकडचं दिसत नाही. जानेवारी ते मार्चमधले मागून आदळलेले, ऊस तुटलेला असतो, दिसतं सगळं, पण ट्रॉल्या वाढतात आणि अंधारात त्या दिसत नाहीत. माझा भाऊ ज्या दिवसात गेला तेव्हा दोन्ही होतं. तोड सुरू झाली होती आणि कोपऱ्यातला ऊस अजून उभा होता.

तर मग मी त्या कोपऱ्याच्या शेतमालकाकडं गेलो. जाताना पाय जड झाले होते, त्यांची जमीन, त्यांचं पीक, त्यांचं काय चुकलं. नकाशा त्यांच्या सोप्यात पसरला. त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं आणि एका बाणावर ठेवून विचारलं, हा आमच्या बाळूचा का? त्यांच्याच पुतण्याचा होता. कोपऱ्यातला त्रिकोण, साधारण तीन गुंठे, त्यात यंदा ऊस तुटला की खोडवा ठेवणार नाहीत, भुईमूग करणार. मी मोजून खुंट्या मारून दिल्या, कुठपर्यंत मोकळं सोडलं की ८० मीटर दिसतं त्या रेषेवर. त्यांनी पैसे विचारलेही नाहीत.

कठड्याचं अजून काही नाही. विचारत राहतोय.


रात्रपाळी
रविवार, रात्री ११:५५

तुमचा मेसेज वाचला तेव्हा ड्रेसिंग रूममधे एकटीच होते, बरं झालं.

माझ्या वहीत आता जागेसकट ५२ झालेत. सरांनी परवानगी दिली, शिवाय दिवसपाळीच्या दोघी पण लिहितात. शाळेच्या त्या भिंतीजवळ तीन आहेत.


चंदगडी
सोमवार, सकाळी ७:३०

आमच्या तालमीच्या पोरांनी शिनोळीपासून पुढचे किलोमीटरचे दगड धुवून आकडे परत रंगवायला काढलेत. बांधकामच्या ऑफिसात विचारून घेतलंय. प्रत्येक दगडाची जागा टिळकवाडीकरांना पाठवतो, फोनवर नुसता दगडाचा नंबर सांगितला तरी कळेल असा एक कागद वडापवाल्यांकडं आणि चहाच्या टपऱ्यांवर लावायचा विचार आहे.


ऊसवाला
सोमवार, रात्री ८:२०

आमच्या भागातल्या चौदा ट्रॉल्यांना मागच्या बाजूला वायर पाईपात घालून घेतली. खर्च फार नाही, वेल्डिंगवाल्यानं एका दिवसात केलं. आणि प्रत्येक गाडीत लाकडाचं दोन ठोकळं दोरीनं ट्रॉलीला बांधून ठेवल्यात, चाकाला लावायला. दोरी असली की रस्त्यावर ऱ्हात नाही. फोटो टाकतो.


मोजणीवाला
सोमवार, रात्री ९:४५

ऊसवाले, ते दोरीचं आमच्या गावात पण करून घेतो, उद्याच सांगतो.

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मी निपाणीच्या बाजूच्या दुसऱ्या एका वळणावर मोजायला जाणार आहे, हायवेकाठची ताईंनी कळवलेलं. माझ्याकडं टेप आहे, काठी आहे, लाल फडकं आहे. अजून दोघं पाहिजेत, दोन्ही टोकांना टॉर्च आणि रेडियमचं जॅकेट घालून गाड्या सावकाश करायला. येणाऱ्यांनी मेसेज करा, जॅकेट मी आणतो.